होमुराचा चष्मा

चित्रांतून घडविलेल्या जपानी कथांना 'अॅनिमे' म्हणतात. साध्या शाळकरी मुलीस अद्भुत शक्ति लाभते, अशा कथांचा त्यांत एक निराळा वर्गच आहे. सन २०११ मध्यें दाखविलेली 'पुएल्ला मागी मादोका मागिका' ही १२ भागांची मालिका त्याच वर्गांतील. तिचे लेखक गेन उरोबुचि व दिग्दर्शक आकियुकि शिन्बो. तिच्या १० व्या भागाचा आम्हीं येथें विचार योजिला आहे.

होमुरा ही हृदयविकारामुळें रुग्णालयांत दिवस काढून शाळेंत आलेली मुलगी. दोन वेण्या, डोळ्यांवर चष्मा. फळ्यावरचें गणित सुटत नाहीं, व्यायामाच्या तासास घेरी येते. होमुरा म्हणजे ज्वाला! आपल्या नांवाचीच तिला लाज वाटते. पण वर्गभगिनी मादोका त्या नांवाची प्रशंसा करून तिला धीर देते. पुढें एका बलाढ्य चेटकिणीशीं झुंजतांना मादोका मरण पावते. तेव्हां होमुरा वर मागते कीं, आपली भेट पुन्हा घडावी, आणि या खेपेस रक्षण करणारी आपण असावें.

वर रक्षणाचा, म्हणून तिला तलवार न मिळतां ढाल मिळते, व त्या ढालींत वाळूचें घड्याळ असतें. ढालीनें प्रहार होत नाहीं. सबब बिचारी घरींच स्फोटक गोळे बनविते. (बालवाचकांनीं याचें अनुकरण करूं नये!) काळ मागें फिरवून ती पुनःपुन्हा त्याच खाटेवर जागी होते.

वर घेतलेल्या मुलीच्या कपाळीं अखेर चेटकीण होणेंच असतें, हें पुढें तिला कळतें. एका खेपेस पराभूत मादोका, चेटकीण होण्यापूर्वीं मला मार, अशी विनवणी करते. होमुरा रडत रडत ती मान्य करते. पुढच्या खेपेस जागी होतांच ती जादूनें दृष्टि सुधारते, चष्मा काढते व वेण्या सोडते.

पुष्कळांस ही प्रगति वाटेल, व आम्हांसही प्रथम तसेंच वाटलें. परंतु होमुराचा स्नेह प्रत्येक फेऱ्यांत वाढत असतां मादोकास ती दर वेळीं अनोळखीच असते. जिनें ज्वालेची प्रशंसा केली, तिच्याशींच ती आतां थंडपणें बोलते. बळ आलें खरें. पण मन उघडें करण्याची शक्ति चष्म्याबरोबरच गेली.

मालिकेचें आरंभगीत या भागांत अखेरीस वाजतें. आजवर आम्ही तें मादोकाचें समजत होतों. तें होमुराचें होतें.