मेजावरील स्थान आणि शेताचा हक्क

शास्त्रपाठ : २ शमुवेल ९:१-१३, १६:१-४, १९:२४-३०
पाठांतरासाठी : नीतिसूत्रे ३१:८, ९

शब्बाथशाळेत मफीबोशेथाची गोष्ट सांगताना आपण बहुधा दाविदाच्या दयेपाशी थांबतो. योनाथानाचा हा मुलगा पाच वर्षांचा असता दाईच्या हातून पडला व दोन्ही पायांनी लंगडा झाला. पुढे तो लो-दबार येथे माखीराच्या घरी, म्हणजे दुसऱ्याच्या छपराखाली, राहत होता. तेथून दाविदाने त्याला बोलावून आपल्या मेजावर बसवले. येथवर लहान मुलांनाही ठाऊक असते. परंतु नवव्या अध्यायाच्या सातव्या वचनात दोन गोष्टी आहेत. दाविदाने त्याला मेजावर स्थान दिले, आणि त्याचा आजा शौल याची जमीनही परत दिली. ‘हा माझ्या घरी जेवतो, मग याला शेत कशाला?’ असे राजा म्हणाला नाही. आश्रय हा प्रेमाचा भाग, हक्क हा न्यायाचा भाग. एकाने दुसरा फिटत नाही.

आपल्या मंडळ्यांत हा प्रश्न आजचा आहे. समजा, पोलिओने पाय गेलेली चाळिशीतील एक अविवाहित भगिनी भावाच्या घरी राहते. दिव्यांग निवृत्तिवेतनासाठी तिने अर्ज केला. ‘भावाचे उत्पन्न मर्यादेबाहेर आहे’ असे सांगून तो नाकारला गेला. आता तिने काय करावे?

प्रथम कायदा समजून घेऊ. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली झाला. त्याच्या कलम २४ प्रमाणे अशा व्यक्तींसाठी सामाजिक सुरक्षेच्या योजना करणे सरकारचे कर्तव्य आहे, आणि इतरांच्या तशाच योजनांपेक्षा मदत किमान २५ टक्के अधिक असावी असेही तेथे म्हटले आहे. मात्र निवृत्तिवेतनाला उत्पन्नाची मर्यादा घालण्याची मुभाही तोच कायदा देतो. इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजना २००९ साली सुरू झाली. तिच्यासाठी कुटुंब दारिद्र्यरेषेखालील व अपंगत्व ८० टक्के किंवा अधिक असावे लागते, आणि १८ ते ७९ वयापर्यंत केंद्राचा वाटा दरमहा ३०० रुपये आहे. राज्यांच्या योजना निराळ्या. त्यांच्या अटी व रक्कमही निराळी. म्हणून गोव्याचा नियम इंदूरला व बेळगावचा बडोद्याला लागू होईल असे धरून चालू नये.

आता मफीबोशेथाकडे परत येऊ. सोळाव्या अध्यायात सीबा चाकर एकटाच दाविदाला भेटला, धन्याविरुद्ध खोटे बोलला, आणि राजाने एकाच बाजूचे ऐकून सर्व मालमत्ता सीबाला देऊन टाकली. मफीबोशेथ आला नव्हता, कारण तो लंगडा होता व चाकराने त्याला फसवले होते. जो येऊ शकत नाही त्याच्या गैरहजेरीत निकाल होतो, हे आजही घडते. पण पुढे तो राजासमोर उभा राहिला तेव्हा त्याची हकिकत त्याच्या देहावरच लिहिलेली होती. पायांची निगा नाही, दाढी नीट केलेली नाही, कपडे धुतलेले नाहीत. राजाने निकाल बदलला, पण अर्धाच.

यावरून दाद मागणाऱ्याला चार गोष्टी शिकता येतात.

पहिली, नकाराचे कारण लेखी मागावे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या कलम ४ प्रमाणे प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीला देणे कार्यालयावर बंधनकारक आहे. माहिती अर्जाला साधारणपणे ३० दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे.

दुसरी, नियमात ‘कुटुंब’ म्हणजे कोण, हे वाचावे. एका छपराखालचा प्रत्येक जण त्यात येतोच असे नाही. कारण उत्पन्नाचे नसून अपंगत्वाच्या टक्केवारीचे असेल, तर प्रमाणपत्राच्या निर्णयाविरुद्ध कलम ५९ खाली वेगळे अपील आहे.

तिसरी, मुदत चुकवू नये. अपील कोणाकडे व किती दिवसांत, हे आदेशात नसेल तर लेखी विचारावे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे अपंग व्यक्तीला मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी तालुका किंवा जिल्हा विधी सेवा कार्यालयात अर्ज करावा. राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडेही तक्रार करता येते.

चौथी, आणि सर्वांत कठीण : खरे तेच लिहावे. ‘भावाने घराबाहेर काढले असे लिही’, ‘शिधापत्रिका कागदोपत्री वेगळी कर’, असा सल्ला शेजारी देतात, कधी मंडळीतलेही देतात. तो ऐकू नये. सीबाने खोटे बोलून अर्धी जमीन टिकवली खरी, पण शास्त्रात त्याचे नाव कशासाठी राहिले? चूल एक असेल तर एक लिहावी. त्याबरोबर हेही लिहावे की बहिणीला स्वतःचे उत्पन्न किती, औषधाचा व काठीचा खर्च कोण करतो, अंघोळीला व बाहेर जायला मदत कोणाची लागते. चौकशीला अधिकारी आले तर हेच दाखवावे. हेही सत्यच आहे, आणि पुष्कळदा तेच लिहायचे राहून जाते.

एवढे करूनही नियमच भावाचे उत्पन्न धरणारा असेल, तर अपील फेटाळले जाईल. तेव्हा विश्वास हरला असे समजू नये. अपंगत्वाचे प्रमाणपत्र व त्यावरील इतर सवलती वेगळ्या असतात, त्या मागाव्यात. आणि भावानेही लक्षात ठेवावे की बहीण मेजावर बसते ती उपकार म्हणून नव्हे. तिच्या हाती स्वतःचे चार पैसे असावेत, ही इच्छा कृतघ्नपणाची नाही.

मंडळीचे काम येथे सुरू होते. अर्ज वाचून दाखवणारा एक तरुण, कार्यालयात सोबत जाणारी एक भगिनी, रिक्षाभाड्यापुरता दानपेटीतील हातभार, एवढ्यानेही मफीबोशेथ राजापुढे वेळेवर पोहोचतो.

चर्चेसाठी प्रश्न
१. दाविदाने पहिला निकाल देताना काय करावयास हवे होते? नीतिसूत्रे १८:१७ वाचा.
२. गरज खरी असताना अर्जात खोटे लिहिणे का चूक आहे?
३. आपल्या मंडळीत कोणाचा अर्ज अडून राहिला आहे? या आठवड्यात त्याच्या घरी कोण जाईल?