सावलीचे त्रैराशिक

"दुपारी बारा वाजता आपली सावली पायांखाली येते," असे आपण सहज बोलून जातो. या लहानशा वाक्यात दोन चुका आहेत. त्या शोधून काढण्यास मोलाचे उपकरण लागत नाही. अंगणात ओळंबा लावून उभी केलेली एक सरळ काठी पुरेशी होते. आपल्या प्राचीन ज्योतिषांनी अशा काठीला शंकू असे नाव दिले होते.

प्रथम घड्याळाची चूक पाहू. ज्या क्षणी सूर्य आकाशात सर्वांत उंच असतो आणि काठीची सावली सर्वांत आखूड होते, तो त्या गावचा खरा मध्यान्ह होय. आपली प्रमाणवेळ मात्र मिर्झापूरजवळून जाणाऱ्या 82½ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरविलेली आहे. पृथ्वीला एक अंश फिरण्यास 4 मिनिटे लागतात. त्यामुळे जो गाव या रेषेच्या जितका पश्चिमेस, तितका तेथील मध्यान्ह उशिरा होतो. मुंबईची स्वतःची वेळ प्रमाणवेळेच्या 39 मिनिटे मागे होती, आणि मुंबईकरांनी ती 1955 पर्यंत हट्टाने जपली. सूर्याच्या दृष्टीने पाहिले तर त्यांचा हट्ट अगदीच निराधार नव्हता!

दुसरी चूक याहून मोठी आहे. सूर्य रोज आपल्या माथ्यावर येतच नाही. पृथ्वीचा आस सुमारे 23½ अंशांनी कललेला आहे. म्हणून ज्या स्थळी सूर्य बरोबर माथ्यावर येतो ते स्थळ वर्षभर कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या दरम्यान सरकत असते. महाराष्ट्र संपूर्णपणे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहे. तेव्हा येथील प्रत्येक गावी असा दिवस वर्षातून दोनदाच येतो. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तो कोल्हापुरास येतो, महिन्याच्या मध्यास पुण्यास, आणि 26 मेच्या सुमारास नागपुरास. दिल्लीच्या मुलांना मात्र आपल्या गावी हा योग कधीच लाभत नाही, कारण दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेस आहे.

आता नकाशात सोलापूर आणि जळगाव ही दोन शहरे पाहा. जळगाव हे सोलापूरच्या जवळजवळ सरळ उत्तरेस आहे. दोहोंमधील दक्षिणोत्तर अंतर सुमारे 370 किलोमीटर भरते. समजा, सोलापूरच्या एखाद्या मुलाचे आजोळ जळगावास आहे. मे महिन्याच्या 10 तारखेच्या सुमारास तो घरच्या अंगणात एक मीटर उंचीची काठी उभी करतो आणि तेवढीच काठी उभी करण्यास जळगावच्या मामेभावाला सांगतो. दोन्हीकडे मध्यान्ह बारा वाजून सुमारे 23 मिनिटांनी होतो. त्या वेळी सोलापूरच्या काठीची सावली नाहीशी होते; जळगावची काठी मात्र उत्तरेकडे सुमारे 5.8 सेंटिमीटर सावली टाकते. सूर्य एकच, काठ्या सारख्याच, मग हा भेद कशामुळे?

सूर्य आपल्यापासून सुमारे 15 कोटी किलोमीटर दूर आहे. इतक्या दुरून येणारे किरण दोन्ही गावी समांतरच असतात. तेव्हा वाकडेपणा किरणांत नसून भूमीत आहे. दोन्ही काठ्या आपापल्या जागी सरळ उभ्या असल्या तरी एकमेकींस समांतर नाहीत. त्या जमिनीखाली वाढवीत नेल्या, तर पृथ्वीच्या मध्याशी एकत्र येतील. तेथे त्यांच्यामध्ये जेवढा कोन होईल, तेवढाच कोन जळगावची काठी व सूर्यकिरण यांच्यामध्ये झालेला असतो. कागदावर प्रमाणात त्रिकोण काढून मोजल्यास तो सुमारे 3⅓ अंश भरतो. पुढे नुसते त्रैराशिक आहे. 3⅓ अंशांस 370 किलोमीटर, तर पूर्ण वर्तुळाच्या 360 अंशांस किती? 3⅓ हे 360 मध्ये 108 वेळा जातात. म्हणून 370 गुणिले 108, म्हणजे 39,960 किलोमीटर. पृथ्वीचा ध्रुवांवरून मोजलेला परीघ सुमारे 40,008 किलोमीटर आहे.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इजिप्तमध्ये अलेक्झांड्रिया येथील ग्रंथालयाचा प्रमुख एराटोस्थेनीस याने हीच युक्ती योजिली होती. त्याच्या गणितात दोन नगरांमधील कोन वर्तुळाचा पन्नासावा भाग होता व अंतर 5,000 स्टेडिया होते. आपल्याकडे 1150 साली रचिलेल्या 'सिद्धान्तशिरोमणी' या ग्रंथात भास्कराचार्यांनीही दक्षिणोत्तर रेषेवरील दोन नगरांचे अंतर आणि त्यांच्या अक्षांशांतील फरक यांवरून पृथ्वीचा परीघ काढण्याची रीत दिली आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापिला. त्याची नोंद असलेला शिलालेख चाळीसगावाजवळील पाटणे येथे, म्हणजे जळगाव जिल्ह्यातच आहे.

एखादा चौकस विद्यार्थी येथे अडवून म्हणेल, "पृथ्वी सपाट असून सूर्यच जवळ असेल, तरीही सावल्या लहानमोठ्या पडतील!" त्याचे म्हणणे खरे आहे. सूर्य केवळ 6,400 किलोमीटरांवर आहे असे मानले, तर सपाट भूमीवरही जळगावची सावली तेवढीच पडेल. म्हणून केवळ दोन सावल्यांवरून पृथ्वी गोल ठरत नाही. ती गोल आहे हे आधी ठाऊक असेल तरच तिचा परीघ काढता येतो. एराटोस्थेनीसच्या पूर्वीच ग्रीक विद्वानांनी चंद्रग्रहणात चंद्रावर पडणारी पृथ्वीची छाया वाटोळी दिसते हे पाहून तिचा गोलाकार निश्चित केला होता.

हा प्रयोग तुम्ही कराल तेव्हा एक अडचण येईल. सावलीचे टोक रेखीव दिसत नाही. ते पुसट होत जाते. सूर्य हा बिंदू नसून आकाशात सुमारे अर्धा अंश रुंद दिसणारे बिंब आहे, त्यामुळे मीटरभर काठीच्या सावलीची पुसट कड सुमारे 9 मिलिमीटर रुंद असते. तिच्या मधोमध खूण करावी. येथे अर्धा सेंटिमीटर चुकला, तर परिघात साडेतीन हजार किलोमीटरांची चूक होते. म्हणून मध्यान्हाच्या आधी पंधरा मिनिटांपासून नंतरच्या पंधरा मिनिटांपर्यंत दर दोन मिनिटांनी खुणा कराव्यात आणि सर्वांत आखूड सावली घ्यावी. खुणा करताना सूर्याकडे मात्र मुळीच पाहू नये.

मे महिन्यातील दिवस हुकला, तर सोलापूरच्या माथ्यावर सूर्य पुन्हा ऑगस्टच्या आरंभी येतो. पण तेव्हा पावसाळा असतो, आणि दोन्ही गावी एकाच मध्यान्ही ऊन पडले पाहिजे.