आबांविषयी लिहिताना

चि. बाळास,



वर्षश्राद्धाच्या दिवशी आबांच्या नावाने गावच्या वाचनालयाला पुस्तकं द्यायची आणि सोबत त्यांच्या आयुष्यावर चार पानं छापायची, ती तू लिहिणार, हे ऐकून फार बरं वाटलं. सुरुवात टांगाईलपासून करू का, असं तू विचारलंस. जरूर कर. पण टांगाईलवरच थांबू नकोस, एवढं सांगायला हे पत्र.

आधी इतिहास नीट मांड. आबा 2 पॅरा या छत्रीधारी पलटणीचे. ही पलटण मूळची तिसरी मराठा, 1797 साली उभी राहिलेली. 1944 साली इटलीत लढताना पडलेले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले यशवंत घाडगे याच पलटणीचे. 1971 च्या भारत-पाक युद्धात 11 डिसेंबरला दिवस कलताना ही पलटण ढाक्याच्या वायव्येला टांगाईलजवळ विमानांतून उतरली. काम होतं लोहाजंग नदीवरचा पुंगली पूल धरण्याचं. जमालपूर-मैमनसिंगकडून माघार घेणारी पाकिस्तानी फौज याच वाटेने ढाक्याला जाणार होती. ती तिथेच अडवायची, म्हणजे राजधानीच्या बचावाला पोचणार नाही. पूल त्याच रात्री हाती आला. मग समोरून हल्ल्यांवर हल्ले झाले, पण पूल सुटला नाही. दुसऱ्या दिवशी जमालपूर जिंकून निघालेली पहिली मराठा पुलावर येऊन मिळाली. अंधार पडायच्या वेळी परक्या मुलखात समोरून आपली बोली ऐकू आली, तेव्हा काय वाटलं ते आबा सांगू लागले की त्यांचा गळा दाटून यायचा. 16 डिसेंबरला ढाक्यात शिरणाऱ्या पहिल्या तुकड्यांत 2 पॅरा होती.

हे सगळं पलटणीने केलं आणि त्या पलटणीत आबा होते. असंच लिही. गावातली माणसं प्रेमापोटी म्हणतील की पूल आबांनीच घेतला. तसं छापू नकोस. आबांना ते आवडलं नसतं, आणि जे तिथून परतलेच नाहीत त्यांच्यावर तो अन्याय होईल. त्यांचं डिस्चार्ज बुक काळ्या ट्रंकेत आहे. तारखा, हुद्दा, पदकं त्यातून उतरवून घे, ऐकीव माहितीवर विसंबू नकोस.

आता मला खरं सांगायचंय ते. आग्र्याला पाच उड्या मारल्या की पॅराचे पंख छातीवर लागतात. त्या शिक्षणातली एक गोष्ट आबांनी मला खूपदा दाखवली होती, परसात, मला पुढे उभं करून. विमानात उडीआधी सगळे एकामागे एक उभे राहतात. प्रत्येकाच्या पॅराशूटची दोरी विमानातल्या तारेला हुकाने अडकवलेली असते. माणूस बाहेर पडला की तीच दोरी त्याचं पॅराशूट उघडते. आपल्या पाठीवरची दोरी आपल्याला दिसत नाही. म्हणून मागचा पुढच्याची तपासतो. हुक बसलाय का, पट्टा पिळलाय का, दोरी कुठे गुंतली आहे का, हे हात लावून बघतो आणि पुढच्याच्या पाठीवर थाप मारतो. थाप पडली की पुढचा निर्धास्त. मग दिवा हिरवा होतो.

आबांच्या धाडसाचं मर्म मला या थापेत दिसतं. ज्याची पाठ कोणीतरी तपासलेली असते तोच दारातून बाहेर झेप घेऊ शकतो, आणि आपणही दुसऱ्याची पाठ तपासायची असते. पेन्शनला आल्यावर आबांनी हेच घरात चालवलं. कोणी गावाला निघालं की टॉर्चचे सेल, मोटारसायकलचे ब्रेक, पाण्याची बाटली ते स्वतः बघणार, पाठीवर हात ठेवणार, मगच निघायचं. तुला आठवत असेल, तुम्हा पोरांना त्यांनी बामणोलीहून लाँचने वासोटा किल्ल्यावर नेलं होतं. चढणीला ते शेवटी चालले. पुढे पळणाऱ्यांना अडवलं नाही, आणि जो दमला तो त्यांच्या नजरेतून सुटला नाही. कुटुंबवत्सल माणूस धाडसी कसा, असा प्रश्न लोकांना पडतो. आबांपुरता तो प्रश्नच नव्हता. त्यांची दोन्ही कामं एकाच हाताची होती.

म्हणून तुझ्या पानांत आणखी एक 11 डिसेंबर यायला हवा, 1967 चा. त्या दिवशी पहाटे कोयनेचा भूकंप झाला आणि पाटण तालुक्यातल्या कितीतरी घरांसारखं आपलंही घर बसलं. माणसं वाचली, गोठा गेला, पाठची भिंत गेली. तार पोचल्यावर आबा रजा घेऊन आले ते थेट दगड उचलायला. त्यांनी आधी शेजारच्या म्हातारीचं छप्पर उभं केलं, मग आपलं. आज आपण जिथे बसून गणपतीची आरती करतो ती भिंत त्या रजेतली आहे. पुढे दरवर्षी त्या तारखेला गावात कोणी टांगाईलचा विषय काढला, तरी आबा आधी भूकंपाचं बोलायचे. तू हे दोन्ही दिवस एकाच परिच्छेदात लिही. वाचणाऱ्याला माणूस कळेल.

आणि आजीला विसरू नकोस. फौजी माणसाच्या चरित्रात घरची बाई एका ओळीत उरकण्याची आपल्याकडे रीत आहे, ती तू मोड. डिसेंबर 71 मध्ये मी रांगती होते. आजी शेजारच्या रेडिओवर बातम्या ऐकायची आणि सकाळी भात झोडायला जायची. छत्रीधारी सैनिक उतरल्याची बातमी आली तेव्हा आबा त्यांत होते की नाही, हे तिला कळायला मार्ग नव्हता. लष्करी टपालातून आबांचं पत्र कितीतरी दिवसांनी आलं. मनीऑर्डरच्या पैशांत सासऱ्यांचं औषध, दिरांच्या फिया, बैल, बी-बियाणं तिने बसवलं. आबांच्या पाठीवरची दोरी तिने तपासली होती, असं मी म्हणते ते उगाच नाही.

लढाईचं लिहिताना द्वेषाची भाषा वापरू नकोस. आबा गोळीबाराबद्दल फार कमी बोलले. बोलायचे ते टांगाईलच्या गावकऱ्यांबद्दल. आकाशातून पडलेलं सामान शेतांत, तळ्यांत विखुरलं होतं, ते त्या माणसांनी डोक्यावर वाहून आणून दिलं. भाषा कळत नव्हती, तरी पाणी आणून दिलं. पुलाशी पडलेल्या शत्रूच्या पोरांबद्दल ते एवढंच म्हणायचे, की त्यांच्याही घरी कोणी वाट बघत असेल. हे वाक्य घे. त्याने त्यांचं शौर्य कमी होत नाही.

शेवटी तुझ्याबद्दल. हिमालयातल्या मोहिमेला जायचंय म्हणून तू घरात वाद घालतोयस, हे माझ्या कानावर आलंय. जा. आबांच्या नातवाला मी अडवणार नाही. पण जाण्याआधी आबा जे करायचे ते कर. शिक्षण पुरतं घे, दोराला बांधलेल्या सोबत्याचं सामान रोज स्वतः तपास, आणि घरी कोणाला काय काळजी आहे ते बसून ऐकून घे. आईबाबांची परवानगी भांडून मिळवू नकोस, त्यांचा विश्वास बसेल अशी तयारी दाखव. आपण गेल्यावर मागे कोण काय सांभाळतं, याची जाण नसेल तर धाडस नुसतं अंगातली मस्ती ठरतं. आबांमध्ये ती मस्ती कधी नव्हती, म्हणून त्यांच्यामागे माणसं निर्धास्त चालली.

आजी आता थकली आहे. तिची स्मरणशक्ती अजून लख्ख आहे, पण ती किती दिवस तशी राहील कोण जाणे. लेखाला बसण्याआधी सुट्टी काढून गावी ये आणि तिच्याजवळ बस. ट्रंक उघड, एकेक पत्र तिला वाचून दाखव, ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत उतरवून घे. ते काम या महिन्यातच कर, पुढच्यावर टाकू नकोस.

तुझी,
आत्या