ट्रॅक्टरचे चाक आणि आपला खोडवा



पूर्वी पांदीच्या रस्त्याने चाकोरी पडलेली असायची. मागची गाडी पुढच्या गाडीच्या चाकोरीतून जायची, म्हणून सुताराला गाडीचा आख गावातल्या इतर गाड्यांच्या मापाचाच ठेवावा लागे. आख लहान-मोठा झाला तर एक चाक चाकोरीत आणि दुसरं चढावर, बैलांचे हाल. आज ट्रॅक्टर आले, परंतु हा हिशोब काही सुटलेला नाही. फक्त चाकोरीच्या जागी आता उसाच्या दोन ओळींमधली पट्टी आली आहे.

या विषयावर लिहिण्याचे कारण माझीच एक चूक आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या गटातील एका सभासदाला मी आग्रह करून तीन फुटांऐवजी चार फुटांची सरी पाडायला लावली. लागणीचा ऊस चांगला आला. तोडणीनंतर पाणी दिलं आणि खोडव्याच्या बगला फोडायला त्यांनी भाड्याचा ट्रॅक्टर आणला. तो हंगामभर ट्रॉली ओढणारा, चाकं बाहेर काढलेली. महिन्याभराने पाहतो तर ओळीच्या ओळी विरळ, बेटं कडेने दबलेली. ते मला एवढंच म्हणाले, “साहेब, सरीचं अंतर तुम्ही सांगितलं. चाकाचं अंतर कोणी सांगायचं?” मला उत्तर देता आलं नाही. ते आज देत आहे.

हिशोब कुठे चुकला?

चार फूट म्हणजे ४८ इंच. ट्रॅक्टर एक ओळ पोटाखाली घेऊन चालला, तर दोन्ही मागची चाकं शेजारच्या पट्ट्यांच्या मधोमध पडायला चाकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतरही ४८ इंचच हवे. त्या ट्रॅक्टरचे होते ६४ इंच. म्हणजे प्रत्येक चाक पट्टीच्या मध्यापासून ८ इंच बाहेर. १३.६ मापाचा टायर सुमारे १४ इंच रुंद, त्याची अर्धी रुंदी ७ इंच. आठ आणि सात पंधरा. बेट दीड फूट पसरलेलं धरलं तर त्याची कडही पट्टीच्या मध्यापासून १५ इंचांवरच येते. चालकाचा हात बोटभर जरी हलला तरी टायर बेटावर चढलाच समजा.

आपल्या गोदाकाठच्या, पाथरी-मानवत-सोनपेठ-गंगाखेड भागातल्या काळ्या जमिनीत हे जास्त भोवतं. कॅनॉलची पाळी आली की जमीन फुगते आणि वापसा लवकर येत नाही. ओल्या रानात चाकाखाली माती थापल्यासारखी होते, हवा कोंडते आणि नव्या मुळ्या चालत नाहीत. खोडव्याची मुळं नवीन फुटायची असतात, त्यामुळे नेमका त्याच वेळी मार बसतो.

चाक आत-बाहेर कशाने होते?

चाकाचे दोन भाग. बाहेरचा गोल म्हणजे रिम, ज्यावर टायर बसतो. मधली खोलगट ताटासारखी डिस्क, जी हबला बोल्टने आवळतात. डिस्कचा हबला टेकणारा भाग रिमच्या बरोबर मधोमध असेलच असे नाही. रिमच्या मध्यापासून तो जितका सरकलेला असतो, त्याला ऑफसेट म्हणतात. आणि रिमच्या आतल्या कडेपासून त्या टेकणाऱ्या भागापर्यंतची खोली म्हणजे बॅकस्पेसिंग.

हे मोजायला मिस्त्री लागत नाही. चाक आतली बाजू वर करून जमिनीवर आडवं ठेवा. रिमच्या दोन्ही कडांवर सरळ पट्टी टाका आणि पट्टीपासून डिस्कच्या टेकणाऱ्या भागापर्यंत टेपने मोजा. समजा ४ इंच भरले आणि रिमची कडेपासून कडेपर्यंत रुंदी १३ इंच आहे. निम्मे साडेसहा. चार वजा साडेसहा म्हणजे उणे अडीच. याचा अर्थ रिमचा मध्य हबपासून अडीच इंच बाहेर आहे.

आता तेच चाक उलटं बसवलं तर, डिस्कच्या पत्र्याची जाडी सोडून, बॅकस्पेसिंग ९ इंच होतं आणि रिमचा मध्य अडीच इंच आत जातो. एका चाकाला ५ इंचांचा फरक, दोन्ही मिळून १० इंच. जुन्या मॅसी फर्ग्युसन ३५ ट्रॅक्टरला तर डिस्क आणि रिमची जुळणी बदलून ४८ पासून ७६ इंचांपर्यंत, चार-चार इंचांनी आठ अंतरे मिळत. आपल्या ट्रॅक्टरची अंतरे त्याच्या पुस्तकात चित्रासह दिलेली असतात. पुस्तक माळ्यावर असेल तर खाली काढा.

कोणत्या सरीला किती?

१) चार फूट सरी : ४८ इंच. एक ओळ पोटाखाली.
२) पाच फूट सरी : ६० इंच. एक ओळ पोटाखाली.
३) तीन फूट सरी : ७२ इंच. दोन ओळी पोटाखाली. परंतु पट्टी अरुंद असल्याने रुंद टायर चालत नाही.
४) अडीच-पाच फूट जोडओळ : ७२ इंच चालते. जोडी पोटाखाली घेतली तर चाक जवळच्या ओळीपासून २१ इंच लांब राहते.

बदलताना घ्यायची काळजी

अख्खं चाक उलटं केलं की टायरची नक्षीही उलटी होते. म्हणून डावं चाक उजवीकडे आणि उजवं डावीकडे न्यावं. टायरवरचा बाण पुढे जाताना चाक ज्या दिशेने फिरतं तीच दिशा दाखवतो की नाही ते पाहावं. नुसती डिस्क रिममध्ये उलटी केली तर नक्षी बदलत नाही. डिस्कची भोकं एकाच बाजूने खोलगट असतील तर नट नीट बसतो का ते तपासा.

पुढची चाकंही मागच्यांच्या रेषेत आणा, नाहीतर मागची वाचवली आणि पुढच्यांनी ऊस तुडवला असं व्हायचं. अंतर बदलल्यावर पुढच्या चाकांची जुळणी मिस्त्रीकडून तपासून घ्या. चाक आत घेतल्यावर ते मडगार्डला किंवा लिफ्टच्या दांड्यांना घासत नाही ना, हातभर फिरवून पाहा. नट तासभर काम झाल्यावर पुन्हा आवळा. पाणी भरलेलं चाक एकट्याने काढू नका, ते अंगावर आलं तर माणूस उठत नाही.

अंतर कमी केलेला ट्रॅक्टर बांधावर आणि उतारावर लवकर कलंडतो, हेही चालकाला बजावून सांगा. ट्रॉलीच्या कामाला जाताना चाकं पुन्हा बाहेर काढावीत.

बाजारातली रुंद चाकं

हल्ली पोरं जीपला आणि मोटारीला शोभेची रुंद चाकं बसवतात. त्या चाकांवर ईटी ४५ असं काही कोरलेलं असतं. तो मिलिमीटरमधला ऑफसेट. ४५ च्या जागी २० चं चाक घेतलं तर प्रत्येक चाक २५ मिलिमीटर बाहेर येतं. पहार जितकी लांब धराल तितका जोर वाढतो, तसंच चाक जितकं बाहेर तितका बेअरिंगवर ताण. ट्रॅक्टरचंही तेच. कंपनीने दिलेल्या अंतराच्या बाहेर जाण्यासाठी मध्ये चकत्या घालणे किंवा रिम कापून वेल्डिंग करणे हा स्वस्तातला सौदा नव्हे. भरलेल्या ट्रॉलीसह आख मोडला तर ऊस रस्त्यावर वाळतो आणि खेप बुडते ती वेगळीच.

तरी सभासदांनी सरी पाडण्यापूर्वी आपल्या किंवा भाड्याने आणायच्या ट्रॅक्टरच्या चाकांचे अंतर टेपने मोजावे. आधी चाक, मग सरी. भाडं ठरवताना एकराच्या दराबरोबर हेही विचारावे. अडचण आल्यास गट कार्यालयात यावे, टेप आम्ही घेऊन येऊ.

— ऊस विकास अधिकारी