रंग कोणता, याहून रंग कोठे?

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी-सप्ताह म्हणून पाळला जातो. हे दोन दिवस अनुक्रमे मारुती चितमपल्ली व डॉ. सालिम अली यांचे जन्मदिन होत. या निमित्ताने मुले शाळेभोवतालच्या पक्ष्यांची छायाचित्रे जमवितात. मोर किंवा खंड्या ओळखण्यास अडचण पडत नाही. परंतु कुंपणातील चिमणीहून लहान पक्षी दिसला, की शेपटी उभारलेली पाहून त्याखाली सरसकट ‘शिंपी’ असे लिहिले जाते.

वस्तुतः शिंपी, राखी वटवट्या व साधा वटवट्या हे तिन्ही पक्षी सुमारे १३ सेंटीमीटर लांबीचे असून तिघेही शेपटी उभारतात. शिवाय छायाचित्रातील रंगच्छटा फसवी असते. पानांच्या सावलीत पाठ हिरवट भासते, सायंकाळच्या उन्हात पांढुरके पोट तांबूस दिसते. यास्तव रंग कोणता, यापेक्षा तो शरीरावर कोठे आहे, हे प्रथम पाहावे.

शिंप्याचा तांबूस रंग माथ्यावर असतो. पाठ हिरवट, पोट पांढुरके व चोच लांबट असते. राखी वटवट्याचा माथा व पाठ राखाडी असून तांबूस झाक पोटाकडे असते. साध्या वटवट्याची पाठ मातकट असते व डोळ्यावर फिकट भुवई दिसते. तांबूस माथा त्याला नसतो.

या खुणांनाही मर्यादा आहेत. शिंप्याच्या पिल्लांचा माथा पुरता तांबूस झालेला नसतो. पाने शिवून केलेले घरटे हाही निर्णायक पुरावा नव्हे, कारण राखी वटवट्याही कधी कधी पाने शिवतो. घरट्याजवळ जाऊन छायाचित्र घेण्यास मुलांना कटाक्षाने मनाई करावी. त्रास झाल्यास पक्षी घरटे सोडून जातात.

पाठ घेताना छायाचित्रावरील नाव झाकावे. फळ्यावर माथा, भुवई, पाठ, पोट व चोच असे पाच रकाने आखावेत आणि मुलांनी जे दिसले तेवढेच त्यांत भरावे. जे दिसत नाही, तेथे ‘दिसत नाही’ असे लिहावे. नाव सर्वांत शेवटी विचारावे. पुरावा अपुरा असल्यास ‘ओळख अनिश्चित’ ही नोंद पूर्ण गुणांची समजावी. चुकीचे नाव एकदा वहीत उतरले, की पुढील वर्षीची मुले ते खरे मानून चालतात. अनिश्चित म्हणून ठेवलेली नोंद मात्र त्यांना पुन्हा कुंपणाकडे पाहावयास लावते.