मोर्चा संपल्यावरचं काम

लालबाग-परळच्या माणसाला मोर्चा शिकवावा लागत नाही. १९७२चा महागाईविरुद्धचा लाटणं मोर्चा असो की १९८२चा गिरणी संप, प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी त्यात होतंच. पण कॉलेजच्या आवारात एखाद्या मुलीवर अत्याचार झाला, की याच वस्तीतले आवाज खाली येतात. आम्ही काही जणी अशा मुलींच्या सोबतीला जातो. कॉलेजच्या समितीपुढे, पोलीस ठाण्यात, कधी कोर्टात. त्यातून जे उमगत गेलं, ते इथे मांडते आहे.

१. प्रकरणाचं भवितव्य बहुतेक वेळा पहिल्या दोन-चार दिवसांतच ठरतं. हे मला कुणा वकिलाने सांगण्याआधी अरुणा शानबागच्या हकिकतीने सांगितलं. केईएम रुग्णालय आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. २७ नोव्हेंबर १९७३च्या संध्याकाळी ड्यूटी संपवून तळघरात कपडे बदलायला गेलेल्या या तरुण सिस्टरवर तिथल्याच एका सफाई कामगाराने हल्ला केला. कुत्र्याची साखळी गळ्याला आवळली आणि मेंदूचा प्राणवायू तुटला. गुन्हा नोंदला गेला तो जबरी चोरीचा आणि खुनाच्या प्रयत्नाचा. लैंगिक अत्याचाराचं कलम लागलंच नाही. तिचं लग्न ठरलेलं होतं, बोभाटा नको, असा विचार त्यामागे होता असं सांगतात. आरोपीला सात वर्षांची शिक्षा झाली, ती भोगून तो सुटला. अरुणा १८ मे २०१५ला गेली. जवळजवळ ४२ वर्षं ती त्याच रुग्णालयात पडून होती.

मला यातली सगळ्यात भीतीदायक गोष्ट वाटते ती ही, की गप्प राहा म्हणणाऱ्यांना तिचं भलंच हवं असणार. आजही रेक्टर, प्राचार्य, मामा, काका, सगळे मुलीच्या भल्याचंच बोलतात. परीक्षा तोंडावर आहे, घरात धाकटी बहीण आहे, नाव खराब होईल. इतक्या मायेने सांगितलेलं मोडून काढणं मुलीला फार जड जातं. म्हणून पहिल्या दिवशी तिच्याजवळ वेगळं बोलणारं एक तरी माणूस बसलेलं हवं.

२. परळमधलं सगळ्यात लांबलेलं आंदोलन घोषणांशिवाय चाललं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. अरुणावरच्या हल्ल्यानंतर सिस्टर्सनी संप केला होता. तिच्यासाठी आणि स्वतःच्या सुरक्षिततेसाठी. संप मिटला, पण त्या तिथून हलल्या नाहीत. पुढे ऐंशीच्या दशकात खाट मोकळी करायला तिला दुसरीकडे हलवायची हालचाल महापालिकेने केली, तेव्हा याच सिस्टर्स आडव्या आल्या आणि बेत बारगळला. तिला धडधाकट असताना कधीच न पाहिलेल्या मुली नोकरीला लागल्या आणि त्यांनीही तिला कुशीवर वळवलं, भरवलं, पुसून घेतलं. इतक्या वर्षांत तिला शय्याव्रण होऊ दिलं नाही. ७ मार्च २०११ला सर्वोच्च न्यायालयाने तिच्या दयामरणाची याचिका फेटाळली, तेव्हा तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला.

या सिस्टर्सपुढे मी नेहमी नमते. पण या सेवेचं गुणगान करताना लोक एक गोष्ट विसरतात, आणि ती मला सलते. सिस्टर्सनी दिली ती माया होती. न्याय द्यायचं काम दुसऱ्या कुणाचं होतं, आणि ते झालं नाही.

३. अशा लढ्यात समोरासमोर येतात ती बहुधा दोन्हीकडची भरडलेली माणसं. ९ ऑगस्ट २०२४ला कोलकात्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात शिकाऊ डॉक्टर मुलीवर बलात्कार होऊन तिचा खून झाला. काही दिवसांतच मुंबईत रेसिडेंट डॉक्टरांच्या ‘मार्ड’ या संघटनेने संप पुकारला. रेसिडेंट डॉक्टर म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घेणारे विद्यार्थीच. केईएमच्या आवारात पांढरे ॲप्रन घातलेली ही मुलं पुठ्ठ्यावर मार्करने लिहिलेले फलक धरून बसली होती. त्यांच्या मागण्या ऐकल्या आणि पोटात तुटलं. सीसीटीव्ही, पुरेसे सुरक्षारक्षक, रात्रपाळीत पाठ टेकायला धड खोली. अरुणावर हल्ला झाला त्याला तेव्हा ५० वर्षं उलटून गेली होती.

तिथल्याच फाटकापाशी रात्रीच्या गाडीने कोकणातून आलेली एक आजी केस पेपरची प्लास्टिकची पिशवी छातीशी धरून उभी होती. तातडीचे रुग्ण घेतले जात होते, पण तिचं दुखणं तातडीचं ठरत नव्हतं. एक डॉक्टर मुलगी उठून तिच्याजवळ गेली, कागद पाहिले, गोळ्या संपल्यात का विचारलं, आणि पुन्हा येऊन फलकामागे बसली. संपावर टीका करणारे मला भेटतात तेव्हा मी त्यांना या दोघींबद्दल सांगते. आजीचा त्रास खरा होता. त्या मुलीची भीतीही खरी होती. रुग्णालयं सुरक्षित करायची जबाबदारी ज्यांची, ते त्या फाटकावर दोघींपैकी कुणाच्याच समोर उभे नव्हते.

४. अत्याचार झालेल्या मुलीसाठी आवाज उठवायचा तर आधी तिला विचारायला हवं. हे मला एका मुलीने स्वच्छ शब्दांत सांगितलं. “काकी, मोर्चा काढा, मला बरं वाटेल. पण मला त्यात आणू नका.” पीडितेची ओळख उघड करणं हा १९८३पासून आपल्याकडे गुन्हा आहे, तरी व्हॉट्सॲपवर नाव आणि फोटो फिरायला तासभरही लागत नाही. फिरवणारे बहुतेक सहानुभूतीवालेच असतात. कोलकात्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला ते नाव आणि छायाचित्रं समाजमाध्यमांवरून काढायचा आदेश द्यावा लागला. मोर्चात आणू नका म्हणणारी ती मुलगी मोर्चाच्या दिवशी प्रॅक्टिकलला बसली होती. तिथे बसता येणं हाच तिचा लढा होता.

५. प्रत्येक घटनेनंतर कुलूप मुलींनाच लागतं. जून २०२३मध्ये चर्नी रोडच्या सावित्रीदेवी फुले महिला वसतिगृहात, चौथ्या मजल्यावरच्या खोलीत, एका विद्यार्थिनीवर अत्याचार करून तिचा खून झाला. पोलिसांचा संशय वसतिगृहातच काम करणाऱ्या माणसावर होता, आणि त्याचा मृतदेह रेल्वे रुळांवर सापडला. त्यामुळे खटला चालायचा प्रश्नच उरला नाही. अशा बातमीनंतर आयाबाया मुलींना म्हणतात, सातच्या आत घरात ये. पण ही मुलगी बाहेर कुठे होती? ती आपल्या खोलीत होती. फाटक किती वाजता बंद होतं, यापेक्षा फाटकाच्या आत कोण वावरतं आणि मुलीने तक्रार केली तर ती कोण ऐकतं, हे विचारायला हवं.

६. ज्या मुलीमुळे कायदा बदलतो, तिच्या वाट्याला त्यातलं काही येत नाही. १९७२मध्ये गडचिरोलीकडच्या देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. १९७८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडलं. तिने प्रतिकार केल्याच्या खुणा नाहीत, हे त्यातलं एक कारण. १९७९मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. १९८०मध्ये मुंबईत बायका एकत्र आल्या, रस्त्यावर उतरल्या आणि १९८३मध्ये कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यात असलेल्या बाईने संमती नव्हती असं सांगितलं, तर न्यायालयाने ते मानून चालायचं, असं ठरलं. मथुरेच्या खटल्याचा निकाल मात्र होता तसाच राहिला. म्हणून, तुझ्या केसने इतरांचं भलं होईल, असं मी कुठल्याही मुलीला सांगत नाही. तिला तिच्यापुरता न्याय मागायचा पूर्ण हक्क आहे.

७. कागदाला मी आता घोषणेइतकाच मान देते. तक्रार मुलीने स्वतःच्या भाषेत लिहावी. वेळ, जागा, कोण होतं, नंतर कुणाला फोन केला, सगळं. आमच्याबरोबरच्या एका मुलीने वहीचे चार कागद फाडले, पाचवा नीट उतरला. झेरॉक्सवाल्यासमोर तो पालथा धरून तिने स्वतःच मशीनवर ठेवला. कॉलेजच्या खिडकीवर बाई म्हणाल्या, ठेवून जा, मॅडम आल्या की देते. आम्ही आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय हललो नाही. पुढे ‘आमच्याकडे तक्रारच आली नाही’ असं ऐकवलं गेलं, तेव्हा तो निळा शिक्का कामाला आला.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५चे नियम सांगतात, की प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेत अंतर्गत समिती हवी, निम्म्या तरी स्त्रिया हव्यात, बाहेरची एक सदस्य हवी. विषय विद्यार्थ्यांचा असेल तर तीन विद्यार्थी हवेत, आणि तेही निवडून आलेले. कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा पदांवरच्या माणसांनी तिथे बसायचं नाही. तक्रार तीन महिन्यांत करायची, अडचण असेल तर आणखी तीन महिने वाढवून मिळतात. चौकशी ९० दिवसांत संपवायची. आणि समितीकडे गेलं म्हणून पोलिसांकडे जायचा रस्ता बंद होत नाही. कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही.

तुमची मुलगी किंवा मुलगा कॉलेजात असेल तर फी भरायला जाल त्या दिवशी ऑफिसात विचारा, समितीवर कोण कोण आहे, विद्यार्थी सदस्य कधी निवडले, नावांचा फलक कुठे लावलाय. उत्तर मिळालं नाही, तर तोच प्रश्न लिहून द्या आणि शिक्का घेऊन या.