चाकांवरच्या घराचे अस्तर

अस्तर म्हटले की आम्हा कापडवाल्यांना शेरवानी, कोट आणि गोधडी आठवते. गाडीलाही अस्तर असते हे आम्हास पन्नाशी ओलांडल्यावर कळाले. आमचा एक भाचा अमेरिकेत ट्रेलर-दुरुस्तीच्या कामात आहे. त्याने गेल्या वर्षी एक काळा, फाटका तुकडा आणून आमच्या पेढीवर टाकला आणि विचारले, "मामू, हे कापड कोणते? ह्याला ठिगळ का टिकत नाही?"

तुकडा हाती घेताच ओळख पटली. प्लॅस्टिकच्या चपट्या पट्ट्यांचा ताना-बाना आणि दोन्ही अंगांना प्लॅस्टिकचाच पातळ लेप. आपल्या बाजारात प्लॅस्टिकची ताडपत्री म्हणून जो माल विकला जातो, त्याचाच हा सख्खा भाऊ.

तिकडे मोटारीच्या मागे आख्खे घर जोडून लोक सहलीला जातात. आत पलंग, चूल, मोरी, संडास, सारे काही. हे ट्रेलर बनविण्याचा मोठा उद्योग इंडियाना राज्यातील एल्कहार्ट परिसरात आहे. खाली लोखंडी गर्डरचा सांगाडा, त्यावर लाकडी तळ, तळाला लागून थंडी अडविणारे ग्लासवूल, पाण्याच्या नळ्या व टाक्या, आणि ह्या सर्वांना खालून झाकणारे हे अस्तर. काही गाड्यांना कापडाऐवजी पन्हाळीदार प्लॅस्टिकचे तक्ते असतात. ते मोठ्या वायसरचे स्क्रू मारून गर्डरला जखडलेले असतात. रस्त्याचे पाणी, खडे व उंदीर वर जाऊ नयेत एवढेच अस्तराचे काम.

पण ह्या कामातच एक खोट आहे, आणि ती आम्ही स्वतःच्या पैशाने शिकलो. एका पावसाळ्यात गोदामाचे पत्रे गळत होते म्हणून आम्ही कापडाच्या गाठी नव्या प्लॅस्टिक ताडपत्रीत वरून-खालून घट्ट गुंडाळून ठेवल्या. बाहेरून थेंब आत गेला नाही. दोन महिन्यांनी उघडले तेव्हा आतला माल बुरशीने काळा पडला होता. तळच्या गाठी आधीच दमट होत्या आणि तो दमटपणा बाहेर पडायला वाटच नव्हती. जे कापड पाणी आत येऊ देत नाही, ते आतले पाणी बाहेरही जाऊ देत नाही.

गाडीच्या पोटात नेमके हेच घडते. वरची नळी, मोरी किंवा टाकी ठिबकते, पाणी अस्तरात साचते, ग्लासवूल ते पिऊन बसते आणि वरचा लाकडी तळ कुजू लागतो. मालकाला पत्ता लागतो तो पाय टेकताच फरशी दबते तेव्हा. म्हणून अस्तराची देखभाल म्हणजे प्रथम त्याच्या फुगवट्यावर नजर. पोट कोठे लोंबत असेल तर तेथे पाणी आहे असे समजावे व ठिगळाची घाई करू नये. आधी गळती शोधावी. मग फुगवट्याच्या सर्वांत खालच्या जागी लहानशी सरळ चीर द्यावी आणि बाजूला सरावे. ते पाणी संडासाच्या टाकीचेही असू शकते, तेव्हा हातमोजे व चष्मा हवाच. भिजलेले ग्लासवूल वाळवून परत बसविण्याचा मोह टाळावा. ते काढून टाकावे, लाकूड पुरते कोरडे होऊ द्यावे, त्यासाठी पोट काही दिवस उघडे राहिले तरी चालेल, आणि नवे घालावे.

गाडीखाली शिरण्यापूर्वी चाकांना ठोकळे लावावेत. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही खाली जाऊ नये. गर्डरला नवे छिद्र पाडताना तेथून गॅसची नळी किंवा विजेची तार जात नाही ना, हे पाहावे. उंदरांच्या लेंड्या आढळल्या तर कोरड्या झाडू नयेत. जंतुनाशकाने भिजवून पुसाव्यात. त्या मुलखात त्यातून हंताव्हायरसचा जीवघेणा आजार होतो.

आता भाच्याचा मूळ प्रश्न. ठिगळ टिकत नाही कारण ही पट्टी पॉलिथिनची असते, आणि पॉलिथिनला सहसा काही चिकटत नाही. साधा डिंक, सिलिकॉन सारे काही दिवसांत सोलून निघते. कापडी पाठीची नेहमीची चिकटपट्टी उन्हाळ्यात वितळून लोंबते. ह्या कामासाठी अ‍ॅक्रिलिक गोंदाची खास पट्टी मिळते, तीच घ्यावी. जागा स्पिरिटने पुसून कोरडी करावी. बोटाला धूळ लागली तरी पट्टी धरणार नाही. ठिगळ फाटक्या जागेहून चारही अंगांनी चार-चार इंच मोठे असावे. त्याचे कोपरे गोल कापावेत, कारण टोकदार कोपरा वाऱ्याने आधी उचलला जातो. पट्टी हाताने नव्हे, रुळाने दाबावी. मोठे भगदाड असेल तर निव्वळ चिकटवून भागत नाही. पाय बाहेरच्या अंगाला वळणाऱ्या पिनांचे यंत्र मिळते, त्याने कडा शिवून घ्याव्यात व त्यावर पट्टी मारावी. हमरस्त्याच्या वेगात सुटलेली एक वीतभर कड सबंध अस्तर उसवून नेते. तक्त्यांच्या गाडीत हेच काम स्क्रूंचे: एखादा गळाला असेल तर त्याच दिवशी नवा लावावा.

नळ्या जेथून बाहेर येतात त्या फटी उंदरांचे दरवाजे होत. त्यात नुसता फोम भरला तर उंदीर तो कुरतडतात. आधी तांब्याची जाळी कोंबावी, मग फोम. टायर फुटल्यानंतर तर अस्तर पाहिलेच पाहिजे, टायरच्या चिंध्या ते चाबकासारख्या फाडतात.

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. आपल्याकडील अशा गाड्या बहुधा व्हॅन वा बसच्या सांगाड्यावर बांधलेल्या असतात, त्यांची बांधणी निराळी. तरीही हुड, सीट आणि ताडपत्री शिवणाऱ्या आमच्या कारागीर बंधूंनी एखादी गाडी खालून पाहून ठेवावी. कापडाची जात ओळखणारा माणूस ह्या कामात गॅरेजवाल्याच्या पुढे राहील असे आमचे मत आहे.

भाच्याने महिन्याभराने फोटो पाठविला. पट्टी बरोबर, सफाई बरोबर, गळतीही बंद केलेली. ठिगळाचे कोपरे मात्र चौकोनी. आम्ही त्याच रात्री फोन केला.